फाल्सरबर्ग: दगडाला हात लावून परत फिरू नका, खालची गावं बघा

पश्चिमवारा

जर्मनीतल्या आखेनमधल्या मराठी ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एकच प्रश्न येतो, तीन देश मिळतात तिथे जायचंय किती वेळ लागेल, आणि उत्तरही ठरलेलं असतं, अर्धा तास, दगडाभोवती एक फेरी मारा, फोटो काढा, फ्राइज खा नि परत या. हे उत्तर मला अजिबात पटत नाही म्हणून हा धागा काढतोय. उन्हाळा येतोय, बऱ्याच जणांचे आईवडील भारतातून येतील, तेव्हा उपयोग होईल.

तर डोंगर म्हणजे फाल्सरबर्ग. उंची फक्त ३२२ मीटर आणि काही. सपाट नेदरलँड्सच्या मानाने मात्र हेच सगळ्यात उंच टोक, म्हणजे युरोपातल्या भूभागापुरतं, कारण २०१० मध्ये कॅरिबियनमधलं साबा बेट थेट नेदरलँड्स देशात आलं आणि तिथला माउंट सीनरी यापेक्षा कितीतरी उंच आहे. माथ्यावर नेदरलँड्स, जर्मनी नि बेल्जियम एकमेकांना टेकतात. उत्तरेला उतरलात की डच फाल्स, पूर्वेला जंगल ओलांडून जर्मन आखेन, पश्चिमेला बेल्जियमचं गेमेनिख आणि दक्षिणेला बेल्जियममधलंच पण जर्मन बोलणारं केल्मिस. चारही ठिकाणं पायी चालायच्या टप्प्यात.

वर दोन मनोरे आहेत, बेल्जियमच्या बाजूचा बोदुएँ मनोरा ५० मीटर, डच बाजूचा विल्हेल्मिना मनोरा ३५ मीटर, त्याला वर काचेची जमीन आहे, दोन्हींना लिफ्ट आहे. झुडपांचा भुलभुलैया आहे, मुलं रमतात. या सगळ्याला माझी काही ना नाही. पण वर उभं राहून दिसतं ते जंगल आणि लांबची छपरं. सीमा कुठे दिसतच नाही. सीमा समजते ती खालच्या गावांत गेल्यावर, आणि तिथे मात्र कोणी जात नाही.

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी इथे तीन नाही, चार सीमा मिळायच्या हे किती जणांना माहितीये? नेपोलियन हरल्यावर १८१५ मध्ये युरोपचा नकाशा परत आखला गेला, तेव्हा केल्मिसच्या जस्ताच्या खाणीवर प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स दोघांनीही हक्क सांगितला. कोणीच सोडेना. मग १८१६ मध्ये आखेनला करार झाला, मोरेस्नेट परगण्याचे तीन तुकडे पाडले, एक नेदरलँड्सला, एक प्रशियाला आणि मधला खाणीचा तुकडा कोणाचाच नाही, दोघांनी मिळून बघायचा. न्यूट्रल मोरेस्नेट. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. नकाशावर एक लांबट त्रिकोण, आणि त्याचं उत्तरेकडचं टोक या डोंगराच्या माथ्यावर. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि डचांच्या जागी तो आला. ही तात्पुरती म्हणून केलेली सोय शंभर वर्षांहून जास्त टिकली!

फोटो नंतर टाकतो. ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

रानजाई

वाचतेय. खूप छान लिहिलंय. आम्ही अगदी असंच केलं होतं, गाडीने वर, फोटो, गाडीने खाली. पण एक कळलं नाही, त्या मधल्या तुकड्यात लोक राहायचे का नुसती खाण? आणि कायदा कोणाचा?

पश्चिमवारा

राहायचे की. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास माणसं होती आणि १९१४ पर्यंत साडेचार हजारांच्या वर गेली. कारण साधं आहे, खाणीत काम होतं, कर कमी होते आणि सुरुवातीला सक्तीची सैन्यभरतीही नव्हती, आजूबाजूच्या देशांतल्या तरुण पोरांना याच्यासारखं दुसरं काय हवं? पुढे मात्र बेल्जियमने १८५४ पासून आणि प्रशियाने १८७४ पासून तिथे राहणाऱ्या आपापल्या नागरिकांना भरतीला बोलवायला सुरुवात केली, त्यामुळे सूट उरली ती फक्त मूळच्या रहिवाशांना, ज्यांना धड कुठलाच देश नव्हता.

कायदा नेपोलियनच्या काळचा फ्रेंच, तो बदलायला दोन्ही मालक एकत्र यायला हवेत आणि ते कधी आलेच नाहीत. स्वतःचं कोर्ट नव्हतं, खटला निघाला तर आखेन नाहीतर बेल्जियममधलं व्हर्व्हिये गाठायचं. दोन देशांचे दोन कमिशनर आणि गावाचा एक महापौर, बस.

जुना_नकाशा

चांगला विषय काढलात पश्चिमवारा. खाणीबद्दल थोडं लिहितो, कारण या परिसरातलं बरंचसं तिच्यामुळेच घडलंय.

तिथे मिळायचं ते कॅलामाइन, म्हणजे जस्ताचं खनिज. जस्त शुद्ध करायचं तंत्र येण्याच्या आधीपासून, अगदी मध्ययुगापासून लोक ते खणत होते, कारण तांब्याबरोबर कॅलामाइन भट्टीत घातलं की पितळ मिळतं. आखेन आणि शेजारच्या श्टोलबर्गचा पितळेचा धंदा या मातीवर उभा राहिला. मग १९व्या शतकाच्या सुरुवातीला लिएजच्या जाँ-जाक दानिएल दोनी याने खनिजापासून धातुरूप जस्त मोठ्या प्रमाणावर काढायची भट्टी जमवली, नेपोलियनच्या सरकारकडून त्याला या खाणीचा ठेका मिळाला होता. तो स्वतः कर्जबाजारी होऊन गेला. पैसा मिळवला तो नंतरच्या कंपनीने, व्हिएय मोंताञ, १८३७ साली स्थापन झालेली. पॅरिसच्या घरांची ती करडी छपरं फोटोत बघितली असतील ना सगळ्यांनी, ती जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि त्या पत्र्यासाठी या कंपनीचं नाव गाजलं.

गाव पूर्ण कंपनीचं होतं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. १८८५ मध्ये खाणीतलं खनिज संपलं आणि मग खरा प्रश्न उभा राहिला, की आता या तुकड्याने जगायचं कशावर, कारण ज्या खाणीसाठी तो वेगळा ठेवला ती रिकामी.

इथे डॉ. विल्हेल्म मोली यांचं नाव घ्यायलाच हवं. खाणीचेच डॉक्टर, तिकिटं गोळा करायचा छंद. १८८६ मध्ये त्यांनी मोरेस्नेटची स्वतःची टपालसेवा आणि तिकिटं काढली, वरच्यांनी लगेच बंद पाडली. १९०३ मध्ये काही लोकांनी कॅसिनो काढून बघितला, तोही चालू दिला नाही. आणि १९०८ मध्ये मोलींनी थेट एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा, बोलणारा देश करायचं ठरवलं, नाव आमिकेयो. सभा भरली, झेंडा लागला, गावातले बरेच जण एस्पेरांतो शिकत होते. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. दोन मोठ्या देशांच्या चिमटीत सापडलेल्या खाणकामगारांच्या गावाला आपलं असं काहीतरी असावं म्हणून तो वीस-बावीस वर्षं धडपडत राहिला. १९१४ मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ते सगळं तिथेच थांबलं. व्हर्सायच्या तहाने हा तुकडा बेल्जियमला दिला, १९२० पासून तो बेल्जियमचा आहे.

मुक्ता

पश्चिमवारा, जुना_नकाशा, दोघांनाही खूप धन्यवाद. आई-बाबा मे मध्ये येतायत, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डोंगर चढणं जमणार नाही. गाडी नाहीये आमच्याकडे. काही होईल का?

पश्चिमवारा

नक्की होईल ताई. डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो, वर पार्किंग आहे, तेव्हा फाल्सला बसने उतरून तिथून टॅक्सी करा. आखेनहून फाल्सला सिटी बस जातात, शिवाय मास्त्रिख्त-आखेन ही ३५० नंबरची बस फाल्सवरूनच जाते. पायी जाणाऱ्यांसाठी फाल्सपासून माथा अडीच-तीन किलोमीटर, रस्ता चढाचा पण सोपा. बाबांसाठी मात्र माझा सल्ला असा की वर कमी वेळ घालवा आणि फाल्समध्ये जास्त. गावात बसायला जागा भरपूर आहेत आणि बघण्यासारखं वरच्यापेक्षा जास्त आहे.

सायकलवाला

फाल्समध्ये बघण्यासारखं काय आहे पण? मी दर रविवारी तिथून सायकलवर जातो, मला तर सुपरमार्केट आणि चर्च एवढंच दिसलं. सायकलवाल्यांसाठी सांगतो, आम्स्टेल गोल्ड रेस या डच सायकल शर्यतीच्या मार्गात हा चढ असतो, जर्मन बाजूच्या जंगलातून येण्यापेक्षा फाल्सकडून चढा, रस्ता चांगला आहे.

जुना_नकाशा

सायकलवाला, तुम्हाला चर्च दिसली ना, तीच तर गोष्ट आहे. एवढ्याशा गावात वेगवेगळ्या पंथांची इतकी चर्च का?

आखेन हे कट्टर कॅथलिक शहर, सम्राट शार्लमेनचं शहर, तिथलं कॅथेड्रल १९७८ च्या पहिल्याच युनेस्को यादीत आहे. १७व्या-१८व्या शतकात तिथे प्रोटेस्टंट लोकांना उघडपणे प्रार्थना करता येत नव्हती. पण फाल्स डच प्रजासत्ताकाच्या ताब्यात होतं आणि तिथे चालायचं. म्हणून आखेन आणि आसपासचे लुथरन, कॅल्विनिस्ट, मेनोनाइट लोक रविवारी चालत सीमा ओलांडून फाल्सला प्रार्थनेला यायचे, येता-जाता त्यांना शिव्या आणि मारही खावा लागायचा. लुथरनांचं जुनं चर्च कोपरमोलन आजही उभं आहे.

धंदाही तसाच सीमेपलीकडे आला. योहान आर्नोल्ड फॉन क्लेरमोंट हा लुथरन कापड कारखानदार, आखेनमध्ये गिल्डचे, म्हणजे कारागिरांच्या संघांचे नियम आड येत होते आणि धर्मही, म्हणून १८व्या शतकात त्याने अख्खा कारखाना उचलून फाल्सला आणला. त्याची ती मोठी इमारत पुढे फाल्सचं टाउन हॉल झाली. म्हणजे आखेन शहराने ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्यामुळे पाच किलोमीटरवरचं खेडं भरभराटीला आलं. एका गावात जे चालत नाही ते शेजारच्या गावात चालतं, या डोंगराभोवतीचा जवळजवळ सगळा इतिहास असाच घडलाय.

सायकलवाला

बाप रे. रोज बघतो ती इमारत. या रविवारी थांबून नीट बघतो.

नदीकाठ

जुना_नकाशा यांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, त्याला जोडून कॉफीचं सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबरदस्त कर होता आणि बेल्जियम-हॉलंडमध्ये ती कितीतरी स्वस्त मिळायची. आखेनभोवतीच्या जंगलांतून रात्री कॉफीची पोती यायची. शहर बॉम्बहल्ल्यांनी आणि १९४४ च्या लढाईने उद्ध्वस्त झालेलं, कामधंदा नाही, त्यामुळे सुरुवातीला साधी कुटुंबं होती यात, लहान मुलंसुद्धा, कारण मुलांना पकडलं तरी शिक्षा करता यायची नाही. नंतर टोळ्या आल्या, जुन्या चिलखती गाड्या आल्या आणि कस्टमवाल्यांच्या गोळीबारात माणसं मेली. १९५३ मध्ये सरकारने कर खाली आणला आणि हा धंदा बसला. ज्या पायवाटांवर आपण आता वीकेंडला हाइक करतो त्यातल्या कितीतरी तेव्हाच्या तस्करीच्या वाटा आहेत. मला ही मुलांची गोष्ट कळल्यापासून त्या जंगलात गेलं की दर वेळी आठवते.

आणि त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, जर्मनांनी बेल्जियम ताब्यात घेतल्यावर लोक तटस्थ हॉलंडमध्ये पळून जाऊ नयेत म्हणून १९१५ पासून बेल्जियम-हॉलंड सीमेवर विजेची तार लावली, २००० व्होल्टची, या फाल्सच्या बाजूपासून पार श्खेल्डे नदीच्या मुखापर्यंत. लोकांना तेव्हा विजेचा झटका म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, कितीतरी जण त्याला चिकटून गेले.

दख्खनी_पाय

मी निपाणीकडचा. एका घराचे दोन भाऊ दोन राज्यांत असं बघत मोठा झालो, त्यामुळे हा धागा वाचताना फार आतून जवळचं वाटलं. एक विचारायचंय, भाषेचं काय? केल्मिस बेल्जियममध्ये आणि बोलतात जर्मन, मग गेमेनिखला फ्रेंच कसं?

पश्चिमवारा

केल्मिस बेल्जियमच्या जर्मनभाषक समाजाच्या नऊ नगरपालिकांपैकी एक, शाळा, कारभार सगळं जर्मनमधून, फ्रेंच लोकांसाठी सवलती आहेत. गेमेनिख प्लोंबिएर नगरपालिकेत, कारभार फ्रेंचमधून. पण हे झालं सरकारी. गेमेनिख, केल्मिस, फाल्स, आखेन, सगळीकडच्या म्हाताऱ्या माणसांची घरातली बोली एकमेकांना कळण्यासारखी आहे, तिला प्लाट म्हणतात. गेमेनिखच्या बेकरीत मी स्वतः ऐकलंय, पाटी फ्रेंच, काउंटरवर फ्रेंच आणि दोन आज्यांचं आपसात प्लाट चाललेलं. ती बोली आता तरुणांच्या तोंडी फारशी नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. राजे बदलले, सरकारं बदलली तरी ती टिकली होती, आता शाळा आणि टीव्हीपुढे चाललीय.

नवा_विद्यार्थी२५

नमस्कार, मी सप्टेंबरला आखेनला मास्टर्सला येतोय. रूम मिळत नाहीये, फाल्समध्ये स्वस्त आहे असं एका एजंटने सांगितलं आणि कॅम्पस जवळ आहे म्हणाला. घेऊ का?

नदीकाठ

थांब, पैसे भरू नकोस!! फाल्समध्ये जर्मन विद्यार्थी खूप राहतात हे खरं आहे, आखेनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या भागातून फाल्स अगदी हाकेच्या अंतरावर आहे हेही खरं, पण ते युरोपियन युनियनचे नागरिक आहेत. तुझ्याकडे जर्मन रेसिडन्स परमिट असेल, त्यावर दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेही भेट म्हणून. घर तिकडे करायचं तर डच परमिट लागेल, आणि जर्मनीत अधिकृत पत्ता नसेल तर तुझं इथलं परमिटच अडचणीत येईल. रस्ता ओलांडला की सगळं सारखंच दिसतं म्हणून नियम सारखे असतील असं समजू नकोस. स्टुडंट हाउसिंगच्या वेटिंग लिस्टमध्ये आजच नाव घाल आणि आखेनमध्येच, नाहीतर आसपासच्या जर्मन गावांत बघ.

नवा_विद्यार्थी२५

खूप खूप धन्यवाद ताई. आजच पैसे पाठवणार होतो.

मुक्ता

बरं झालं हे इथे आलं. पासपोर्टचं पण सांगा ना, आई-बाबांना रोज बरोबर न्यायला लागेल का?

सायकलवाला

हो, फाल्सला भाजी आणायला गेलात तरी. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून पश्चिमेकडच्या सीमांवर तपासणी परत सुरू केलीय आणि डिसेंबर २०२४ पासून डचांनीही. फाल्सहून येणाऱ्या रस्त्यावर पोलीस कधीकधी बसमध्ये चढतात. ओरिजिनल पासपोर्ट ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही.

रानजाई

२०२० चा मार्च आठवला एकदम. बेल्जियमने सीमा बंद केली होती आणि आखेन-केल्मिसमधले छोटे रस्ते अडवून टाकले होते. हॉलंडची बाजू उघडी, बेल्जियमची बंद. आमच्या शेजारणीची बहीण केल्मिसला, दोघी अडथळ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलायच्या. सीमा नाहीच असं आपण धरून चालतो, पण ती तिथे असतेच.

आता मला सांगा, पायी जायचं तर कुठून कुठे?

पश्चिमवारा

माझ्या मते सुरुवात केल्मिसला करा. खाण कंपनीच्या जुन्या कार्यालयाच्या इमारतीत व्हिएय मोंताञ म्युझियम आहे, आधी ते बघा, मग बाकीचा रस्ता समजतो. तिथून उत्तरेला जंगलातून माथ्यापर्यंत साधारण सहा किलोमीटर. या वाटेवर न्यूट्रल मोरेस्नेटच्या हद्दीचे जुने दगड सापडतात. एकूण साठ होते, त्यातले पन्नासहून जास्त अजून उभे आहेत, शेवाळलेले, कुठे झाडाच्या मुळांत अडकलेले. आता तो तुकडाच उरला नाही, तरी दगड उभे आहेत, नुसतेच. मला माथ्यावरच्या त्या दगडापेक्षा हे सगळे दगड जास्त आवडतात. माथ्यावरून मग फाल्सला उतरा आणि बसने आखेन. सगळं मिळून एक दिवस पुरतो, मुलं बरोबर असतील तरी.

नदीकाठ

मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी केल्मिसजवळच्या खाणीच्या जुन्या जमिनीवर पिवळी फुलं नक्की बघा. छोटं व्हायोलेट आहे, पण पिवळं. जस्ताने भरलेल्या मातीत बाकीच्या झाडांची वाढ खुंटते तिथे हे वाढतं, आणि जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ख्यूल नदी केल्मिसवरून हॉलंडमध्ये जाते, तिने खाणीची माती वाहून नेली म्हणून पलीकडे एपेनच्या कुरणांतही ते रुजलं. प्रदूषण कमी होत गेलं तसं तिकडचं कमी होत चाललंय. कृपा करून तोडू नका, आणि वाटेवरूनच चाला.

मुक्ता

आई बॉटनीची शिक्षिका होती, ती तर याच्यासाठीच येईल. मग बाबांसाठी असं करते, केल्मिसला टॅक्सीने म्युझियम आणि फुलं, तिथून टॅक्सीनेच माथा, आणि शेवटी फाल्स. चालेल?

पश्चिमवारा

एकदम चालेल. फक्त म्युझियमच्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या, आणि तिन्ही देशांत सार्वजनिक सुट्ट्या वेगवेगळ्या असतात, बेल्जियममध्ये २१ जुलैला सगळं बंद असेल तेव्हा आखेनमध्ये चालू असतं. टॅक्सी आखेनहून ठरवताना ड्रायव्हरला आधीच सांगा की बेल्जियममध्ये थांबायचंय आणि फाल्सला सोडायचंय, भाडं तिथेच ठरवून घ्या.